सोमवारचे तीन शिक्के

संपादकांचा फोन आला. "बाई, फार काही नको. शरद ऋतूत वाचाव्यात अशा दहा अद्भुतरम्य कादंबऱ्यांची यादी द्या. प्रत्येकीवर चार ओळी." मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर जीभ चावली. एकतीस वर्षं नाशिकच्या एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे बसले, पण यादी म्हणून कधी कुणाला दिली नाही. नाडी न बघता पुड्या बांधून देणारा वैद्य आणि यादी देणारा ग्रंथपाल, दोघांनाही उभं करू नये. तेव्हा संपादकमहाराज, माफ करा. यादी नाही. त्याऐवजी एका कादंबरीची हकिगत सांगते. त्यात माझी एक चोरी आहे, तीही सांगून टाकते. आता निवृत्त झालेय, कोण काय करणार आहे माझं?

देवघेव म्हणजे पुस्तक द्यायचं आणि घ्यायचं, बस्स. बाहेरच्या माणसाला वाटतं, ह्या बाई दिवसभर वाचत बसत असतील. डोंबलाचं वाचन! सभासद येतो, पुस्तक ठेवतो, आपण मागचं पान उघडतो. तिथे एक चिठ्ठी डकवलेली असते, तिला तारीखचिठ्ठी म्हणतात. पुस्तक बाहेर गेलं की तिच्यावर तारखेचा शिक्का. आता सगळं संगणकावर असतं, पण आमच्याकडे शिक्का चालूच ठेवला होता, कारण सभासदांना ती चिठ्ठी बघायला आवडते. भरलेली चिठ्ठी बघितली की माणूस डोळे मिटून पुस्तक घरी नेतो. कोरी दिसली की "बघू नंतर" म्हणून फळीवर परत सरकवतो. म्हणजे कोरी चिठ्ठी कोरीच राहते. याला मीच नाही, सगळे ग्रंथपाल साक्षी आहेत.

आता शरदाचं. माझा एक सिद्धांत आहे, हसायचं असेल तर हसा. भाद्रपदाच्या शेवटापासून आश्विनभर माणूस विश्वास ठेवायला तयार असतो. पंधरा दिवस गेलेल्यांना जेवायला बोलावतो, कावळ्याची वाट बघतो. मग नऊ दिवस देवी राक्षसाशी लढते. मग कोजागिरीला कुणीतरी आकाशातून विचारत जाणार म्हणून दूध आटवत जागा राहतो. एवढं सगळं जो मानतो, त्याला उडता घोडा द्यायला काय हरकत आहे? वैशाखात हाच माणूस तुम्हाला म्हणेल, "काहीतरी खरं द्या हो." शिवाय व्यवहाराचं सांगायचं तर दिवाळी अंक एकदा आले की कादंबऱ्यांकडे कुत्रं फिरकत नाही. म्हणून अनंत चतुर्दशी ते वसुबारस हा माझा हंगाम. तेवढ्या दिवसांत मी अद्भुताचं कपाट दाराजवळ आणून ठेवायची.

अडचण एकच, पितृपक्ष. पक्षात नवीन काही सुरू करायचं नाही, म्हणून लोक नवीन पुस्तकसुद्धा न्यायला बिचकतात. मी त्यांना सांगायची, "अहो, वाचनालयाचं पुस्तक जुनंच असतं. तुमच्याआधी पन्नास जणांनी उष्टं केलंय. पक्षात चालतं." निम्मे लोक हसून न्यायचे. उरलेल्यांना घटस्थापनेच्या दिवशी गाठायचं.

शिफारस कशी करायची हे मला कुणी शिकवलं नाही, मीच शिकले. "तुम्हाला काय आवडतं?" असं विचारायचं नाही. त्यावर सगळे खोटं बोलतात. "शेवटचं अर्धवट टाकलेलं पुस्तक कुठलं?" असं विचारायचं. मग माणूस मनापासून बोलतो. लासलगावच्या मार्केटात कांद्याची खरेदी करणारे आमचे एक सभासद होते, अण्णाशेठ. राहायला नाशकात, रोज सकाळी लिलावाला लासलगाव. ते म्हणाले, "बाई, त्या तुमच्या थोर पुस्तकात दीडशे पानं झाली तरी कुनी कुनाला काही इकत नाय, घेत नाय. ही मानसं खात्यात काय?" मी त्यांना एक कादंबरी काढून दिली, तिच्यात भुतांचा बाजार भरतो आणि माणसांच्या सावल्यांचा लिलाव होतो. आठवड्यानं आले ते टेबलावर हात आपटतच. "लय भारी! पहिली बोली मुद्दाम कमी लावत्यात, ते बरोब्बर दाखवलंय. लिहिनारा मार्केटात बसलेला मानूस हाय!" तेव्हापासून अण्णाशेठ माझे झाले.

असं माझं नाव झालं. लोक म्हणायचे, बाई देतील ते न्यावं. मीही थोडी चढून गेले होते, कशाला खोटं बोलू?

याच काळात दरवर्षी खंडेनवमीला एक गृहस्थ यायचे, देवरेभाऊ. मूळचे बागलाणातले, साल्हेर-मुल्हेरच्या डोंगराखालच्या गावचे. सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते, म्हणजे तयार झालेला सुटा भाग मापून बघायचा, बरोबर असेल तर पास, केसभर चुकला तरी रिजेक्ट. खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा व्हायची, ती उरकून कपाळावर कुंकू आणि हातात पेढ्यांचा पुडा घेऊन ते थेट आमच्याकडे यायचे. मला एक पेढा द्यायचे. मग अद्भुताच्या कपाटाशी जायचे, खालच्या फळीवरचे तीन जाडजूड खंड एकेक करून काढायचे, मागचं पान उघडून बघायचे आणि परत ठेवायचे. मग दहा मिनिटं पेपर वाचल्यासारखं करायचे आणि जायचे.

ते खंड त्यांचेच होते. 'मेघदरीचे वारस', भाग एक, दोन, तीन. पदरमोड करून छापलेले, वाचनालयाला भेट दिलेले. मुखपृष्ठावर जांभळा डोंगर आणि त्यावर एक राजा, त्याचा एक हात दुसऱ्यापेक्षा लांब. आणि आत तारीखचिठ्ठी कोरी. पहिल्या भागात एकच शिक्का होता, तो त्यांच्या पुतणीचा.

अकरा वर्षं मी हे बघितलं. माणूस काही बोलायचा नाही, तक्रार नाही, "कुणाला सांगा ना" असंही नाही. फक्त बघून जायचा. बाराव्या वर्षी उन्हाळ्यात ते निवृत्त झाले होते. मला वाटलं, आता हा माणूस रिकामा, घरी बसून याच कोऱ्या चिठ्ठ्या आठवत बसणार. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी वाचनालय बंद झाल्यावर मी तारखेचा शिक्का घेतला आणि बसले.

शिक्क्याच्या चकत्या फिरवून हवी ती तारीख लावता येते. मी पहिल्या भागावर गेल्या वर्षभरातल्या तारखांचे चौदा शिक्के मारले. दुसऱ्यावर नऊ, तिसऱ्यावर सात, कारण पुढच्या भागापर्यंत सगळे टिकत नसतात, हे धंद्याचं ज्ञान. शाई एकसारखी दिसू नये म्हणून मध्ये मध्ये गादी बदलली. एक-दोन शिक्के वाकडेसुद्धा मारले. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं काही केलं नसेल.

दुसऱ्या दिवशी देवरेभाऊ आले. पेढा दिला, कपाटाशी गेले, पहिला भाग उघडला. मी मान खाली घालून काम करतेय असं दाखवत होते, पण डोळा तिकडेच होता. त्यांचा चेहरा असा काही फुलला म्हणून सांगू! त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बोट एकेका तारखेवरून खाली नेलं. दुसरा भाग. तिसरा भाग. मला वाटलं, चला, पुण्य पदरात पडलं.

मग त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली, तिच्यात मागे जुनी कॅलेंडरं छापलेली असतात तसली. बराच वेळ बघितलं. तिन्ही खंड घेऊन ते टेबलाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, यातल्या तीन तारखा सोमवारच्या आहेत."

सोमवारी आमचं वाचनालय बंद असतं. एकतीस वर्षांत एकही सोमवार मी त्या टेबलाशी बसले नव्हते, आणि नेमकी हीच गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. चोरी करायलासुद्धा अक्कल लागते.

"मी सगळी नोकरी इन्स्पेक्शनला काढली," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं, पण आवाज अगदी शांत होता. "माल रिजेक्ट झाला तर वाईट वाटतं. पण रिजेक्ट मालावर पासचा शिक्का... ते आम्ही कधी केलं नाही, मॅडम."

खंड टेबलावर ठेवून ते निघून गेले. पेढ्यांचा पुडा तिथेच राहिला. माझ्या हातातला पेढा मी त्यात परत ठेवला.

दिवाळी कशीबशी गेली. तुळशीच्या लग्नांचे दिवस होते, मी मनाचा हिय्या करून सातपूरला त्यांच्या घरी गेले, माफी मागायला. वहिनींनी दार उघडलं. बिचारीला काही माहीत नव्हतं. "या या," म्हणाल्या, "तुम्ही वाचनालयातल्या ना? बरं झालं बाई, यंदा यांनी माळा मोकळा केला. उरलेल्या सगळ्या प्रती रद्दीत दिल्या. एवढी वर्षं सांगत होते मी, ऐकलं एकदाचं."

देवरेभाऊ बाहेर आले, चहा झाला. ते पाण्याच्या कपातीबद्दल बोलले, सातपूरच्या रस्त्यांबद्दल बोलले, द्राक्षांबद्दल बोलले. मी मध्येच हात जोडले. "भाऊ, चुकले मी. पण वाईट हेतू नव्हता."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. मग म्हणाले, "एक विचारू? सगळे म्हणतात, बाई सांगतील ते पुस्तक न्यावं. बारा वर्षांत तुम्ही माझं पुस्तक एकदा तरी कुणाला सांगितलंत?"

नव्हतं सांगितलं. का नव्हतं, तर मीच ते वाचलं नव्हतं. अद्भुताची जाणकार म्हणून मिरवणारी मी, त्या लांब हाताच्या राजाकडे बघून बारा वर्षं नाक मुरडत होते. शिक्के मारायला तासभर बसले, पण पहिलं पान उघडायला बसले नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते मान हलवत म्हणाले, "मग तर प्रश्नच मिटला." तो प्रश्न मिटला नव्हता, माझ्या मानगुटीवर बसला होता.

त्याच आठवड्यात मी 'मेघदरी' घरी आणली. माझा नियम आहे, पंचवीस पानं द्यायची, नाही रमलं तर सोडायचं. पंचविसाव्या पानापर्यंत नुसते राजे. एकाचा बाप कोण, दुसऱ्याचा चुलता कोण, डोकं भणाणलं. लढाया तर मोजमापासकट! भाल्याची लांबी, जाडी, टोकाचा कोन. पण तिसाव्या पानावर ढगांचे गुराखी आले. त्या दरीत ढग पाळतात. गुरं हाकतात तसे सकाळी ढग डोंगरावर चरायला नेतात, संध्याकाळी शीळ घालून खाली आणतात, दावणीला बांधतात आणि धार काढतात. ज्याचा ढग आटला त्याच्या घरी शेजारी चरवीभर पाऊस देऊन जातात. मी वाचता वाचता थांबले आणि खिडकीबाहेर बघत बसले. अगं बाई, आणि हे बारा वर्षं माझ्या खालच्या फळीवर होतं! मला आनंदही झाला आणि स्वतःची लाजही वाटली. तिन्ही भाग संपवले तेव्हा संक्रांत आली होती.

मग मी वाट बघत बसले, आश्विनाची. पुस्तक चांगलं असणं पुरत नाही, पहिला वाचक बरोबर मिळावा लागतो. चुकीच्या माणसाच्या हातात गेलं तर तो चारचौघांत "टाकाऊ आहे" म्हणतो आणि पुस्तक मरतं. एवढे राजे, एवढे चुलते, हे कुणाला झेपेल? वर्षभर मी डोक्यात सभासद फिरवले. आणि पितृपक्ष संपल्यावर घटस्थापनेला तो माणूस आपल्या पायानं चालत आला.

आमचे गुरुजी. पंचवटीतले, रामकुंडावरचे उपाध्ये. बाहेरगावचे यजमान श्राद्धाला येतात, त्यांच्या सात-सात पिढ्यांची नावं यांच्या चोपड्यांतून निघतात. कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, मागे कोण राहिलं, सगळं लिहिलेलं. गुरुजींचा घसा बसला होता. "बाई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पंधरा दिवस गेलेल्यांचीच नावं घेतोय. आता जिवंत माणसांचं काहीतरी द्या. आणि हो, खोटंनाटं नको."

"गुरुजी," मी म्हटलं, "शेवटचं अर्धवट टाकलेलं पुस्तक कुठलं?"

"मागे तुम्हीच दिलेलं की. चौघंच माणसं दोनशे पानभर. आईबाप कोण त्यांचे, कुळ काय, काही पत्ता नाही. वाऱ्यावर सोडलेली सगळी."

मी 'मेघदरी'चा पहिला भाग त्यांच्या हातात ठेवला. चिठ्ठीवर त्या दिवसाची तारीख मारली. माझे खोटे शिक्के मी लाल शाईनं केव्हाच खोडले होते. त्यांच्याखाली हा खरा शिक्का, पुतणीनंतरचा पहिला.

चौथ्या दिवशी गुरुजी हजर. "दुसरा आणा." मी सवयीनं मागचं पान उघडलं आणि ओरडलेच. मागची कोरी पानं भरली होती! काळ्या शाईत, चोपडीच्या वळणदार अक्षरात, मेघदरीच्या राजघराण्याची अकरा पिढ्यांची वंशावळ. कोण कुणाचा, कुणाला दिली, कुठल्या पानावर गेला.

"गुरुजी! वाचनालयाच्या पुस्तकात लिहिता?"

"मग? मुखोद्गत ठेवायचं की काय एवढं?" त्यांना आपण काही गैर केलं असं वाटेचना. "लेखकानं माणसं आणली, नोंद ठेवायला नको का कुणी?"

रागावणार होते, पण ती वंशावळ बघितली आणि राग गेला. जे मला दोनदा वाचून कळलं नव्हतं, ते एका नजरेत दिसत होतं. सगळ्यात खाली एक ओळ होती. 'नीलध्वज. धाकटे चिरंजीव. वय वर्षे चार. ढगामागे धावत गेला. पुढे नोंद नाही.'

पहिला भाग परत आला तो अण्णाशेठनी उचलला. वंशावळ बघून ते खूश. "हे ब्येस केलं. आता मानसं सापडत्यात." मग ते गुरुजींच्या मागे लागले. गुरुजी दुसरा भाग कधी आणतात याची वाट बघत टेबलाशी घिरट्या. अण्णाशेठच्या मागे एक निवृत्त शाळाबाई लागल्या. तिसरा भाग संपल्यावर गुरुजी आले ते अस्वस्थ होऊन. "बाई, त्या नीलध्वजाचं पुढे काही नाहीच! तिन्ही खंड चाळले. चार वर्षांचं लेकरू. गेलं म्हणावं, तर तसं लिहिलेलं नाही. आहे म्हणावं, तर आहे कुठे?"

त्याच ओळीखाली मग पेन्सिलीनं लिहिलेलं सापडायला लागलं. अण्णाशेठचं अक्षर मी ओळखलं. 'पोरगं जिवंत हाय. पैज.' त्याखाली शाळाबाईंचं नेटकं अक्षर. 'भाग दोन, पान १८० वर जी शीळ ऐकू येते, ती त्याचीच असावी.' नियमानं मी हे खोडायला हवं होतं. खोडलं नाही.

या सगळ्याच्या मध्येच खंडेनवमी येऊन गेली होती. त्या दिवशी मी सकाळपासून दाराकडे डोळे लावून होते. बारा वर्षांत पहिल्यांदा देवरेभाऊ आले नाहीत. मला फार लागलं ते. आता दाखवायला खरं काही होतं, तर बघणारा नव्हता. आणि जाऊन सांगितलं असतं तरी माझ्या शब्दावर तो माणूस कसा विश्वास ठेवणार?

मार्ग गुरुजींनी काढला. दिवाळीला आठवडा असेल. ते म्हणाले, "लेखक सातपूरला राहतो म्हणता ना? मग इथे बसून काय करताय? यजमानालाच विचारू, पुढची पिढी सांगा." आणि धोतर सावरून ते माझ्या स्कूटीवर मागे बसले. पिशवीत तिन्ही खंड. अख्खा त्र्यंबक रोड आमच्याकडे वळून वळून बघत होता.

वहिनी चकल्या तळत होत्या. देवरेभाऊंनी गुरुजींना नमस्कार केला, पाट दिला. गुरुजींनी रामकुंडावर बसतात तशी मांडी घातली आणि थेट सुरुवात केली. "मेघदरीचं घराणं. राजा चंद्रकेतू, पुत्र तीन. धाकटे चिरंजीव नीलध्वज, वय चार. पुढे सांगा."

देवरेभाऊंनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. "मॅडम," ते म्हणाले, "पुन्हा? आता गुरुजींना पढवून आणलंत?"

माझे डोळे भरून आले. बरोबरच होतं त्यांचं. एकदा खोटा शिक्का मारणाऱ्याचा खराही खोटाच दिसतो. पण गुरुजी भडकले.

"पढवून? मला? चाळीस वर्षं लोकांचे पूर्वज सांभाळतोय मी! आणि तुम्हाला स्वतःचे सांभाळता येत नाहीत? पहिल्या खंडात राणीची आत्या विमलावती तापानं जाते. तिसऱ्या खंडात हीच बाई पुरात वाहून जाते! एक बाई दोनदा मेली! तिची तिथी कुठली धरायची, हे सांगा आधी!"

कढईतली चकली करपल्याचा वास यायला लागला. देवरेभाऊ म्हणाले, "शक्य नाही."

"पान दोनशे बारा आणि तिसऱ्यात चौऱ्याण्णव. काढा."

मी पिशवीतून खंड काढून दिले. भाऊंनी चष्मा लावला. पान दोनशे बारा वाचलं. मग चौऱ्याण्णव. परत दोनशे बारा. बोट ओळीवरून फिरत होतं, अगदी त्या दिवशी तारखांवरून फिरलं होतं तसं. आणि एकदम ते हसायला लागले. आधी गालात, मग पोट धरून.

"अगं ऐकलंस का," त्यांनी आत हाक मारली, "रिजेक्ट केलं! यांनी माझं पुस्तक रिजेक्ट केलं!"

वहिनी घाबरून झारा घेऊनच बाहेर आल्या. "अहो मग हसताय काय?"

"अगं, रिजेक्ट करायलासुद्धा माल हातात घ्यावा लागतो! मापावा लागतो! यांनी शेवटपर्यंत वाचलंय." आणि मग त्या माणसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. गुरुजी गोंधळले. भांडायला आलेला माणूस, समोरचा रडायला लागल्यावर काय करणार? त्यांनी तांब्या पुढे केला.

मग मी मागचं पान दाखवलं. वंशावळ, तिच्याखालची पैज, शाळाबाईंचं पान १८०. भाऊ ते पान किती वेळ वाचत बसले. "त्या शिळेचं कुणाला कळेल असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले. "चौथा भाग त्याचाच होता. सात प्रकरणं झाली होती. मग सोडून दिलं. त्या वह्याही रद्दीत गेल्या."

"नाही हं," वहिनी म्हणाल्या. "पुस्तकं गेली. वह्या नाही जाऊ दिल्या मी. त्यांत निम्मी पानं कोरी होती, फेकवेना. रांगोळीचे ठिपके काढायला ठेवल्यात."

गुरुजींनी दोन्ही हात जोडून वहिनींना नमस्कार केला. "माउली," ते म्हणाले, "वंश राखलात." आम्ही सगळे इतके हसलो की शेजारच्या बाई डोकावून गेल्या. मग बसून करपलेल्या चकल्या खाल्ल्या.

चौथा भाग पूर्ण झाला का, असं तुम्ही विचाराल. सध्या अठराव्या प्रकरणात अडकलाय. गुरुजींकडे हस्तलिखित जातं, ते चुका काढतात, दोघं भांडतात. नीलध्वजाचं काय झालं ते मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. अण्णाशेठ पैज जिंकले की हरले, एवढं विचारायला त्यांचेच दिवसाआड फोन येतात. मी निवृत्त झाले, तरी हे काही मला निवृत्त होऊ देत नाहीत. पण मला सांगायचंय ते नोकरीतल्या शेवटच्या वर्षाचं, त्याच दिवाळीनंतरचं.

कार्तिकातली सकाळ होती. दिवाळी अंकांवर झुंबड होती. देवरेभाऊ आले. या वेळी कपाटाकडे गेले नाहीत, थेट टेबलाशी आले. जरा संकोचून म्हणाले, "मॅडम, तिन्ही भाग पाहिजेत हो. चौथा लिहायला घेतलाय, पण मागचं काही आठवत नाही. घरी एक प्रत उरली नाही माझ्याकडे. आणि गुरुजींची वंशावळही त्याच प्रतीत."

"भाऊ, तुमचा सभासद क्रमांक?"

एवढी वर्षं येत होते, पण सभासद कधी झालेच नव्हते. मी अर्ज पुढे केला. त्यांनी मुकाट्यानं भरला. मग मी संगणकात बघितलं आणि म्हटलं, "नाही मिळणार. तिन्ही बाहेर आहेत."

"बाहेर?"

"लोकांनी नेलेत, भाऊ. आणि नंबर लागलेत. तुमच्या आधी आठ जण आहेत. तुमचा नववा."

"मॅडम, मन्हं पुस्तक शे ते!" गडबडीत माणूस आपल्या अहिराणी बोलीवर गेला.

"असेल. पण वाचनालयाचा नियम सगळ्यांना सारखा. लावू नववा नंबर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, या वेळी डायरी काढली नाही. "आठ जण," ते म्हणाले. "कोण आहेत?" मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी आठही नावं वाचली, एकेक करून, ओठ हलवत. त्यांतलं एकही नाव त्यांच्या ओळखीचं नव्हतं. मग म्हणाले, "लावा. लावा नववा."

दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबून त्यांनी वहिनींना फोन लावला. वाचनकक्षात वीसेक माणसं पेपर वाचत बसलेली, भिंतीवर 'शांतता राखा'ची पाटी, आणि हा माणूस आनंदानं ओरडून सांगतोय, "अगं, नाही मिळालं! नाही, नाही मिळालं पुस्तक! आठ जण आहेत पुढे! आठ!" सगळे माना वर करून माझ्याकडे बघायला लागले, बाई आता याला झापणार म्हणून. एकतीस वर्षांत त्या खोलीत मी कुणाला मोठ्यानं शिंकू दिलं नव्हतं. मी मान खाली घातली आणि भाऊंचं बोलणं पूर्ण होऊ दिलं.